बोलणी मोडली की फिसकटली?

इंग्रजी वर्तमानपत्र वाचताना माझे लक्ष पुष्कळदा बातमीपेक्षा ‘ब्रेक’ या क्रियापदामागच्या इवल्याशा अव्ययाकडे जाते. वाटाघाटी ‘ब्रेक डाउन’ झाल्या असे छापले असेल, तर दोन्ही पक्ष बसून होते, पण तोडगा निघेना आणि बोलणी फिसकटली असे समजायचे. त्याच वाटाघाटी ‘ब्रेक ऑफ’ केल्या म्हटले, की कोणीतरी उठून गेलेला असतो. वाक्यात कर्ता येतो आणि त्याच्यामागोमाग दोषही येतो. बैठक ‘ब्रेक अप’ झाली, यात मात्र काहीच बिघडलेले नसते. काम उरकून माणसे पांगली, इतकेच. ब्रिटनमधल्या शाळासुद्धा सत्र संपले की अशाच ‘ब्रेक अप’ होतात आणि त्याचे कोणाला दुःख झाल्याचे ऐकिवात नाही.

‘कम अपार्ट’ आणि ‘फॉल अपार्ट’ यांतही असाच दोषाचा हिशेब आहे. पहिल्यात सांधा सुटतो, आणि कधीकधी तो सुटावा अशीच योजना असते. दुसऱ्यात वस्तू आपल्याच जीर्णपणाने खिळखिळी होऊन पडते. म्हणूनच घरातले कार्य होईपर्यंत खंबीर राहिलेली आणि नंतर कोसळलेली बाई इंग्रजीत ‘फॉल अपार्ट’ होते.

यातले बरेच शब्दप्रयोग समुद्रावरून आलेले दिसतात. ‘पार्ट कंपनी’ म्हणजे बरोबर निघालेल्या जहाजांची ताटातूट, ‘ऑन द रॉक्स’ म्हणजे खडकावर चढलेले गलबत. आता दोन्ही संसाराविषयी बोलतात. टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्राच्या लांबलचक नावातही ‘ब्रोकन अप’ आहे: ट्रफाल्गरच्या लढाईत लढलेले टेमेरेर हे जहाज 1838 साली मोडीत काढण्यासाठी ओढून नेले जात आहे. मुंबईच्या दारूखान्यात जहाजे तोडतात, ती क्रिया हीच. ‘ड्रिफ्ट अपार्ट’ मला सर्वांत धूर्त वाटतो, कारण त्यात प्रवाहाखेरीज कोणालाच जाब विचारता येत नाही. आपले ‘अंतर पडले’ तितकेच साळसूद आहे.

मराठीने यातले निवडक तेवढे उचलले. ‘ब्रेकडाउन’ एसटीला दिले आणि ‘ब्रेकअप’ प्रेमिकांना. इंग्रजीत विवाहही ‘ब्रेक अप’ होतो, आपल्याकडे मात्र लग्न झालेल्यांना घटस्फोटच घ्यावा लागतो. दोषाचा हिशेब ठेवायला आपल्याला शेपटीच्या अव्ययाची गरजही पडत नाही, धातूतला एक स्वर आणि एक व्यंजन बदलले की पुरते. 2014 साली शिवसेना-भाजप युती संपली, तेव्हा ती ‘तुटली’ म्हणणारा आणि ‘तोडली’ म्हणणारा एकच घटना सांगत होते, पण ‘तोडली’ म्हणणाऱ्याला लगेच ‘कोणी?’ असा प्रश्न येत होता.