घोडीच्या चालीची गाणी

सकाळी स्वयंपाकघरात ओट्याशी काम करताना मी जे अल्बम लावते, त्यांत वॅश्टी बन्यन या इंग्रज गायिकेचा ‘जस्ट अनदर डायमंड डे’ वारंवार येतो. त्याला घाई अशी मुळीच नाही, आणि याचे कारण त्याच्या जन्मकथेतच आहे. डोनोव्हन या गायकाने स्कॉटलंडमधल्या स्काय बेटाच्या परिसरात कलावंतांची वस्ती उभारण्याचा घाट घातला होता. तेथे जाण्यासाठी १९६८ साली तेवीस वर्षांची वॅश्टी आपल्या मित्राबरोबर लंडनहून घोडागाडीने निघाली. प्रवास इतका रेंगाळला की ती पोहोचेपर्यंत वस्ती पांगली होती. पण वाटेत गाणी मात्र जमली होती. बेस या घोडीला चुचकारणारे एक गाणे त्यांत आहेच, परंतु जात्याच्या फेऱ्यांशी ओवीने जमवून घ्यावे तशी इतर गाण्यांची लयही घोडीच्या चालण्याशी जुळलेली आहे. एखाददुसरे गाणे फारच बाळबोध आहे, हेही सांगायला हवे.

जो बॉइड या निर्मात्याने ही गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९७० मध्ये अल्बम बाजारात आला. तो जेमतेम काही शेकडा प्रती विकला गेला. वॅश्टीने गाणेच सोडले, मुले वाढवली आणि सुमारे तीस वर्षे ती संगीतापासून दूर राहिली. एव्हाना जुन्या तबकड्यांचे शौकीन त्या अल्बमसाठी शेकडो पौंड मोजू लागले होते, हे तिला इंटरनेटवर स्वतःचे नाव शोधल्यावर कळले. २००० साली तो पुन्हा निघाला. आवाज न चढवता, जवळजवळ पुटपुटल्यासारखे गाऊनही गाणे उभे राहते, हा धीर डेव्हेंड्रा बॅनहार्टसारख्या तरुण अमेरिकन गायकांना त्यातून मिळाला, असे मला वाटते. २००५ मधील तिच्या दुसऱ्या अल्बमात तो आणि हार्पवादक जोआना न्यूसम तिच्या साथीला होते. समीक्षकांनी तिला नव्या लोकसंगीताची मानसमाता ठरवले. तिला स्वतःला मात्र ‘लोकगायिका’ हा शिक्का कधीच मानवला नाही.

पुढे ब्रिटनमध्ये एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत याच अल्बमचे शीर्षकगीत वाजले. शहराकडे पाठ फिरवून निघालेल्या मुलीचे गाणे मोबाइल विकायला वापरावे, याची काहींना चीड येईल. मला ती येत नाही. तीस वर्षांची थकबाकी कोणीतरी चुकती करायलाच हवी होती, आणि जाहिरातवाल्यांकडे निदान पैसे होते.