पेन्सिलीचे आकडे

तक्त्याची बेरीज जुळत नव्हती. काकांनी दिवसभरात प्यायलेलं पाणी, चहा, सोलकढी मिळून भरलं १९०० मिली, आणि लघवीची बेरीज २६००. आत गेलं त्यापेक्षा बाहेर जास्त! शिवाय एकदा २५० मिली, मग चाळीस मिनिटांनी ८०, पुन्हा १००, पुन्हा २४०. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल, साखरही वाढलेली असेल, असं वाटून मी त्यांच्या सर्जनना पत्र लिहायला घेतलं : साखर तपासा, लघवीनंतर आत किती उरते त्याची सोनोग्राफी करा.

फोंड्यात माझं छोटं क्लिनिक आहे. ओटीपोटाच्या तळाशी, माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले स्नायू असतात, त्यांच्यावर मी काम करते. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर असं लोकांच्या डोक्यात पक्कं असल्यामुळे निम्मा वेळ समजावण्यातच जातो. हे स्नायू पुरुषांनाही असतात हे ऐकून तर भले भले गप्प होतात.

काका वयाने ६६. कर्करोगासाठी प्रोस्टेट काढून दोन महिने झालेले. ग्रंथीबरोबर मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली आतली झडप जाते. मग सगळा भार बाहेरच्या झडपेवर आणि त्या झोळीवर पडतो. शिंकलं, उठलं, वाकलं की थेंब जातात. काका भजनात पखवाज वाजवतात. मांडी घालून दोन तास बसायचं आणि उठताना पांढऱ्या लेंग्यावर डाग दिसला तर काय, या भीतीने त्यांनी देवळात जाणंच बंद केलं होतं. शनिवारच्या भजनाला तरी जा, डाग पडला तर पडू दे, असं मी पहिल्याच भेटीत त्यांना आग्रहाने सांगितलं होतं. त्यांना एकच हवं होतं : श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाला पथकाबरोबर बसायचं. हातात तीन महिने होते.

ऑपरेशननंतर त्यांना एक पत्रक मिळालं होतं, ‘केगल व्यायाम करा’, म्हणजे हेच झोळीचे स्नायू आवळा आणि सोडा. काका दिवसाला तीनशे करत होते, श्वास रोखून, कुल्ले घट्ट आवळून. श्वास रोखला की पोटातला दाब खालच्या दिशेने पडतो, म्हणजे जे थांबवायचं तेच ढकललं जातं. हे पाहिलं की मला राग येतो. आर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, तेव्हा ते दाब मोजणारं उपकरण लावून बायकांना दाखवत असत की बरोबर स्नायू आवळला जातोय की नाही. आपल्याकडे पत्रक पोचलं, दाखवणं मागेच राहिलं. आणि काही जणांचे हे स्नायू आधीच इतके आखडलेले असतात की आवळण्याने दुखणं वाढतं. त्यांना सोडायला शिकवावं लागतं. पत्रकाला ते कसं कळणार?

काकांना मी म्हटलं, “पहाटे देवळाच्या तळीत कमरेपर्यंत उतरल्यावर पुढचं अंग आपोआप आत ओढलं जातं ना, तेवढंच करा. कुल्ले सैल, पोट सैल, श्वास चालू.” सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्राशयाचा तळ उचललेला त्यांना दिसला. पण सोडताना ते अर्ध्यावरच थांबत होते. शेवटी त्यांच्याच भाषेत सांगितलं : भजनी ठेक्याच्या आठ मात्रा, चार मात्रा आवळा, चार मात्रा पूर्ण सोडा. काका हसले. म्हणाले, “चामड्याची वादी नुसती ओढत राहिलं तर पखवाज बोलत नाही, पुडी फाटते.” माझं निम्मं काम तिथे झालं. त्या दिवशी घरी जाताना त्यांना तीन दिवसांचा तक्ता आणि मापाचा प्लास्टिकचा मग दिला. किती प्यायलात, कधी गेलात, किती झाली, कधी गळली, सगळं लिहायचं.

तोच तक्ता आता माझ्यासमोर होता. पत्राची शेवटची ओळ राहिली होती. सहज विचारलं, “काका, शनिवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं, पावणेसात, सात पंचवीस, इतक्या वेळा?”

“शनिवारी? सहा ते आठ मी देवळात होतो. तुम्हीच पाठवलंत.”

त्यांनी चष्मा लावला, कागद जवळ धरला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हा मला दिसलं, काकांचे आकडे निळ्या पेनाचे होते. मधले बारीक आकडे पेन्सिलीचे. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘खोकलो, थोडी गळली’. त्याखाली पेन्सिलीने, ‘मला पण’.

काकी बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आत बोलावलं तर आधी उठेचनात. मग हळूच म्हणाल्या, “बाय, कागद एकच होता. मला वाटलं, मोजून तरी बघूया.”

धाकट्याच्या बाळंतपणापासून हे चालू आहे, आणि धाकटा आता ३४ वर्षांचा. बसने पणजीला जायचं तर आधी जाऊन ठेवायचं, बाजारात शिरण्याआधी जाऊन ठेवायचं, लग्नात जेवणाच्या पंक्तीआधी जाऊन ठेवायचं. ‘जाऊन ठेवते’ हा शब्द मी रोज ऐकते. सतत अर्धवट भरल्यावर रिकामं केलं की मूत्राशयाला थोडक्यातच कळ देण्याची सवय लागते. एका वेळी २०० ते ४०० मिली व्हायला हवी, त्यांची ८० ते १२० होत होती. भीतीपोटी पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, आणि घाई आणखी वाढते. हे काकींनी एकदा एका डॉक्टरना सांगितलं तर उत्तर मिळालं, तीन बाळंतपणं झाली, वयही झालं, पॅड वापरा.

नवरा ६६, बायको ६१. त्याला शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत चिठ्ठी मिळाली. तिला वय मिळालं.

काकींबरोबर सावकाश गेले. घाई आली की धावत सुटायचं नाही. जागीच थांबून टाचा उचलायच्या, चार-पाचदा झटपट आवळून सोडायचं, लाट ओसरली की मग चालत जायचं. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवायचं. शिंक येणार असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. हे त्यांना दुसऱ्याच भेटीत जमलं आणि त्या स्वतःच दचकल्या. तीन महिन्यांनी त्यांचं दोन तासांवर आलं. पूर्ण कोरडं झालेलं नाही, खोकला झाला की अजून गळते.

काका सप्ताहाला बसले. लेंग्याच्या आत पातळ पॅड होता, उठताना लागला नाही.

मी अजून त्या पहिल्या भेटीतच अडकले आहे. काकांची फाइल लिहीत होते तेव्हा दार उघडं होतं. बाहेर काकींना खोकला आला, त्यांनी पायावर पाय घट्ट दाबून धरला आणि पिशवी पोटाशी ओढली. ते मी पाहिलं होतं. रोज हेच ओळखायचं माझं काम आहे, तरी मी मान खाली घालून पुढचा रकाना भरला : ‘सोबत आलेले नातेवाईक : पत्नी’. त्यांची स्वतःची फाइल उघडायची वेळ आली, तेव्हा मला त्यांना नाव विचारावं लागलं.