रकाना क्रमांक सात

‘गळती करणाऱ्या जहाजाचे नाव.’ नुकसानभरपाईच्या अर्जातला सातवा रकाना. या एका ओळीपायी माझ्या पाच खेपा झाल्या, म्हणून आधी तेच सांगतो.

मी गोव्यातल्या केरीचा. आमची रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, बाबांची आणि आणखी पंधरावीस घरांची मिळून. मे महिन्याच्या शेवटी एका पहाटे जाळं ओढलं तर बांगड्यांबरोबर डांबराचे गोळे आले. काही लिंबाएवढे, काही चेपून भाकरीएवढे झालेले. वरून वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटलेला, मोडला की आत काळं, चकचकीत. पावसाच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्याला हे गोळे येतात, त्यात नवल काही नाही. या खेपेला मात्र जाळ्याची अख्खी एक बाजू लडबडली.

पंचायतीचा दाखला, जाळ्याची पावती, पासबुकाची झेरॉक्स हे दोन दिवसांत झालं. मग ती खिडकी. कचेरी कुठली ते सांगत नाही.

“जहाजाचं नाव लिहा.”

“साहेब, नाव ठाऊक असतं तर मी त्या जहाजाच्या मालकाकडेच गेलो असतो.”

“रकाना रिकामा ठेवून इनवर्ड होत नाही.”

दुसऱ्या खेपेला ‘अज्ञात’ लिहून नेलं. अज्ञात म्हणजे आधी पोलिसांत तक्रार, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला तेच साहेब म्हणाले, समुद्राचा विषय आमचा नाही, तटरक्षक दलाकडे जा. हे अर्धं खरं आहे, आणि ते अर्धंच असल्यामुळे माणूस जास्त फिरतो. तेल पाण्यावर तरंगत असेल तर जबाबदारी तटरक्षक दलाची. १९९६पासूनच्या राष्ट्रीय आराखड्यात तसं ठरलेलं आहे. तेच तेल वाळूवर आलं की साफसफाई राज्याकडे. जाळ्याला लागलेल्याचं काय, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. कॉटन फाटेपर्यंत जाळं घासून बाबांचे हात सोलले होते आणि मी खिडकीपुढे उभा राहून समुद्र कोणाचा ते ऐकत होतो.

त्या संध्याकाळी मावसबहीण घरी आली. ती समुद्रविज्ञानात एमएस्सी करते. मी सगळा राग तिच्यावर काढला. तिने शांतपणे विचारलं, “नमुना घेतलास?” मी अभिमानाने दुधाची पिशवी काढली. तिने कपाळाला हात लावला. प्लास्टिक मुळात खनिज तेलातूनच आलेलं, त्यातली द्रव्यं नमुन्यात उतरतात आणि तपासणी बिघडते. काचेची बरणी घ्यायची, धुऊन कोरडी केलेली. झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल. हात लावायचा नाही, स्टीलच्या चमच्याने उचलायचं. वर जागा, तारीख, वेळ लिहून फ्रीजमध्ये, अंधारात ठेवायचं. नशीब, जाळ्यात अजून गोळे अडकलेले होते.

बरणीचा उपयोग काय, तर तेलाला ओळख असते. किनाऱ्याला येईस्तोवर हलकं द्रव्य उडून जातं, पाणी मिसळून तेल घट्ट होतं, ऊन आणि जिवाणू आपलं काम करतात. तरी होपेन नावाचे काही रेणू बराच काळ टिकतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण तेलागणिक वेगळं असतं. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्याचे गोळे असेच तपासलेत. काही मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या तेलाशी जुळले, काही टँकरांच्या टाक्या धुऊन समुद्रात सोडलेल्या तेलाशी. म्हणजे तेलाचं घराणं कळतं. जहाजाचं नाव कळायला संशयित जहाजातलं तेलही हातात असावं लागतं.

“मग जहाज कधीच सापडत नाही?” मी विचारलं. तिने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तेलाचा तवंग प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने ढकलला जातो. ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर नुसत्या वाऱ्याने दिवसाला वीसबावीस किलोमीटर. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे जातो आणि वारा जमिनीकडे लोटतो, म्हणून उत्तरेला सुटलेली घाण आपल्या वाळूत येते. शंभर किलोमीटरवर सुटलेलं तेल इथे पोचायला चारपाच दिवस. तेवढ्यात जहाज दोन हजार किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

हाच हिशेब पुढच्या दिवसांसाठीही चालतो. हैदराबादच्या इन्कॉइसकडे, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राकडे, तशी यंत्रणा आहे: गळतीची जागा, वेळ, तेलाचा प्रकार आणि प्रमाण दिलं की तवंग कुठे जाईल याचा अंदाज मिळतो, आणि कुठल्या किनाऱ्यावर आधी माणसं पाठवायची ते ठरवता येतं. उपग्रहाच्या रडारलाही तवंग दिसतो, ढग असले तरी; तेलाखाली बारीक लाटा दबतात आणि चित्रात तो भाग काळा येतो. वारा अगदी पडला की साधं पाणीही तसंच काळं दिसतं, म्हणून नुसत्या चित्रावर कोणी शपथ घेत नाही. उलटा हिशेब करायचा तर गोळे किनाऱ्याला कधी लागले ती वेळ पक्की हवी. मी व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो दाखवत होतो. त्यातली वेळ आणि जागेची माहिती पुसलेली असते, मूळ फोटो जपा.

२००६ साली कारवारजवळ ‘ओशन सेराया’ हे जहाज खडकावर आपटलं, त्याचं तेल दक्षिण गोव्यापर्यंत आलं. तेव्हा जहाज डोळ्यांसमोर होतं. तो रकाना बहुधा अशाच दिवसासाठी छापलेला असावा.

पाचव्या खेपेला रकान्यात मी बहिणीने सांगितलेलं लिहिलं: ‘जहाज अज्ञात. गोळे आल्याची वेळ व मूळ छायाचित्रे सोबत. तेलाचा नमुना काचेच्या बरणीत थंड जागी राखून ठेवला असून तपासणीस देण्यास तयार.’ खिडकीत या वेळी दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी रकाना भरलाय एवढं पाहिलं, वाचला की नाही देव जाणे, आणि शिक्का मारला. इनवर्ड नंबर मिळाला तेव्हा मला दहावी पास झाल्यासारखं वाटलं. पोच मात्र तिथल्या तिथे मागून घ्या.

पंचनामा नऊ दिवसांनी झाला. तोवर दोन सरी पडून गेल्या होत्या आणि लाटांनी नवी वाळू आणून टाकली होती. आलेले गृहस्थ म्हणाले, “किनारा तर साफ आहे.” बाबा काही बोलले नाहीत. फावडं घेतलं आणि वीतभर खणलं. बेबिंका या थराथरांच्या गोव्याच्या मिठाईतल्या थरासारखा काळा पट्टा निघाला. त्या गृहस्थांनी वाकून बोट लावलं आणि मग रुमाल शोधत बसले. (डांबर खोबरेल तेलाने निघतं, घासलेट कातडी जाळतं.)

पैसे अजून आलेले नाहीत. बरणी न्यायलाही कोणी आलेलं नाही. ती फ्रीजमध्ये सोलकढीच्या भांड्यामागे आहे, आणि आई रोज एकदा विचारते, ही घाण माझ्या फ्रीजमधून कधी जाणार.