तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्र गरम झाला की तळातले जिवाणू मरतात का?

लग्नात, सोसायटीच्या गणपतीत, सगळीकडे विचारून झालंय, की पुण्यात बसून समुद्राच्या चिखलावर काम करतेस ना, मग एका वाक्यात सांग, पाणी गरम आणि अ‍ॅसिडिक होतंय त्याने तळातले जिवाणू मरतात का. नाही मरत हो. पण ‘नाही’ म्हटलं की लोक निवांत होतात आणि ते मला सहन होत नाही.

पीएचडीच्या सुरुवातीला मी छातीठोक ‘मरतात’ म्हणायचे. औद्योगिक क्रांतीपासून वरच्या पाण्याचा पीएच (हा आकडा उतरला की पाणी जास्त अ‍ॅसिडिक) ८.२ वरून ८.१ वर आलाय, दिसायला एवढंसं पण अ‍ॅसिडिकपणा आणणारे हायड्रोजन आयन जवळजवळ ३० टक्के वाढलेत, आणि पीएच उतरला की अमोनियाचा अमोनियम होतो, म्हणजे तळातल्या अमोनियावर जगणाऱ्या जिवाणूंच्या पुढचं ताटच ओढलं की!

मग दापोलीकडच्या खाडीतून गाळ आणला, टाक्यांत कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच ७.८ केला, अर्ध्या टाक्या ३२ डिग्रीला. दोन आठवडे अमोनियावाल्यांना ढिम्म फरक नाही. कारण चिखल थोडा खाली गेला की मुळातच पाण्यापेक्षा अ‍ॅसिडिक असतो, त्यांना त्याची सवय आहे. मला मात्र वाटलं प्रयोगच चुकला.

तिसऱ्या शनिवारी लाईट गेली, जनरेटर लागला नाही, एअर पंप बंद. सोमवारी दार उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास. गाळावर तीन-चार मिलिमीटरची तपकिरी साय असते, ऑक्सिजन पोचतो तेवढीच, गरम टाक्यांत ती पूर्ण काळी पडली होती. गार टाक्यांत कडेकडेने अजून तपकिरी होती. मी तिथेच फरशीवर बसून रडले. कित्येक महिने मी लाईटलाच शिव्या घातल्या, पण खरं सांगायचं तर वॉचमन काकांचे दोन मिस्ड कॉल होते आणि मी आत्तेबहिणीच्या हळदीत होते, फोन बघितला होता.

ती काळी साय म्हणजे मेलेला चिखल नव्हता. ऑक्सिजन संपल्यावर त्याच्याऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेट क्षारावर जगणारे जिवाणू वर आले होते, आणि ते सोडतात तो हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तोच सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू, खेकड्या-शिंपल्यांना विष. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो, वर जिवाणू तो भराभर संपवतात. त्यामुळे आता मला अ‍ॅसिडपेक्षा उष्णतेची धास्ती जास्त.

पण जुनी मी अजून भांडते, की दोन आठवड्यांचं तू पन्नास वर्षांना कसं लावतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही. टाक्या परत लावल्यात, आणि शनिवारी मी जाते.