टपरी, चहा आणि सुटी सिगरेट

पुण्यात पेरूगेटच्या आसपास, सदाशिव पेठेत अभ्यासिका तिथे टपरी, हे ठरलेलंच. चारच्या सुमाराला पोरं खाली उतरतात, चहा सांगतात, दोरीला बांधलेला लायटर एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि एमपीएससीची तारीख परत पुढे ढकलली का यावर चर्चा चालू. तरुण पोरं सिगरेट का सोडत नाहीत याचं निम्मं उत्तर मला तर तिथेच दिसतं. घरापासून लांब, दिवसभर खुर्चीत एकटा बसलेला पोरगा माणसांत येतो तो त्याच दहा मिनिटांत, मग सिगरेट सोडायची म्हणजे ती दहा मिनिटंपण गेली असं वाटतं त्याला.

आणि "टेन्शन कमी होतं रे" हे तर सगळेच म्हणतात. होतं कमी, पण कुठलं? झुरका मारला की काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं उतरतं, मग चिडचिड, अस्वस्थपणा, पुस्तकात लक्ष नाही, आणि पुढची ओढली की बरं वाटतं. म्हणजे आधीच्या सिगरेटने लावलेली बेचैनीच पुढची शांत करते, पेपरचं टेन्शन होतं तिथेच राहतं.

माझ्या रूममेटने सोडली ती कॅन्सरला घाबरून नाही. त्याला पोलीस भरतीचं ग्राउंड मारायचं होतं, १६०० मीटरला २० मार्क, आणि शेवटच्या राउंडला दम पुरत नव्हता. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो आणि ओढणं थांबवलं की एक-दोन दिवसांत निघून जातो, हे त्याला ग्राउंडवरच्या सरांनी सांगितलं आणि तेवढं पुरलं. पहिले तीन दिवस बेक्कार गेले, रात्रभर झोप नाही, मेसचा डबा अर्धा तसाच, फोनवर आईवरपण डाफरला. तलब येते ती काही मिनिटांत ओसरते, पण ती काही मिनिटं कुणीतरी सोबत लागतं राव. आम्ही सगळ्यांनी चारचा चहा टपरीवरून उचलून अमृततुल्यात नेला, तिथे सिगरेट मिळतच नाही. कुणी सोडत असेल तर त्याला "बघू किती दिवस टिकतो" म्हणू नका, चहाला घेऊन जा.

आणखी एक राहिलं. पाकिटावर ८५ टक्के जागेत इशारा असतो आणि सिगरेट सोडायला मदत करणारा टोल-फ्री नंबरपण, १८००-११-२३५६. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगरेट विकायला बंदी आहे, तरी टपरीवर सर्रास एकेक मिळते, विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते ती तीच. पाकीट राहतं टपरीवाल्याच्या डब्यात, त्यामुळे हा नंबर ज्याला सगळ्यात जास्त हवा त्या पोराने तो कधी बघितलेलाच नसतो. म्हणून इथे लिहिला, पुढे पाठवा.