काळ्यात बारीक दिसेन ना?

"ताई, काळा शिवायचाय. बारीक दिसेन ना?"

डिसेंबर लागला की म्हापशातल्या माझ्या दुकानात हे रोज ऐकते. नाताळचा डान्स, कुणाचं रिसेप्शन. आधी मोबाईलवरचा फोटो पुढे येतो आणि पाठोपाठ खालच्या आवाजात, "माझं खालचं अंग जड आहे हां" किंवा "मला कंबरच नाही." तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. मापं घेता घेता दिलेली माझी अर्धी उत्तरं पुढे भलतीच होऊन फिरतात.

काळा रंग कुणाला बारीक करत नाही. काळं कापड उजेड गिळतं, त्यामुळे चुण्या, टक्स, पोटाचा उंचवटा यांच्या सावल्या दिसत नाहीत. पण बाहेरची रेघ तेवढीच ठसठशीत होते, पांढऱ्या भिंतीपुढे तर फारच. खांदा अर्धा इंच उतरला तर फुलाफुलांच्या कापडात खपतं, काळ्यात खपत नाही. हे झालं क्रेपसारख्या बिनचमकीच्या कापडाचं. सॅटिन घेतलंत तर प्रत्येक उंचवटा चकाकणार. आणि आपल्या दमट हवेत पॉलिएस्टर अंगाला चिकटलं की कुठलाच कट कामाला येत नाही.

कुठल्या अंगाला कुठला कट, असा आकारांचा तक्ता माझ्याही भिंतीवर होता. नितंब जड तर ए-लाइन, म्हणजे खाली पसरत जाणारा कट. पोट पुढे तर छातीखाली जोड, नाहीतर एक बाजू दुसरीवर घेऊन बांधायचा रॅप. खांदे रुंद तर व्ही गळा आणि खाली घेर. अंग सरळ तर कमरेला पट्टा किंवा उभ्या जोडांचा प्रिन्सेस कट. यातलं काही खोटं नाही, अजूनही मी असंच कापते. तरी तो तक्ता मी काढला.

साठीच्या आसपासची एक बाई आली होती. ख्रिस्ती, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. त्यातलं पहिलं वर्ष तिनं दुखवट्याचं काळं घातलं होतं, आणि काळा आपल्याला शोभतो हे त्याच वर्षात कळलं, असं तिनंच सांगितलं. आता लेकीच्या लग्नाला काळाच हवा होता. छाती भरलेली, पोट थोडं सुटलेलं, पाय मात्र सुरेख. मी तक्त्याकडे बघितलं आणि कापलं: छातीखाली जोड, मोकळा घेर, कोपरापर्यंत बाह्या, बंद गळा, पोटऱ्या झाकणारी लांबी.

ट्रायलला ती आरशापुढे बराच वेळ उभी राहिली. मी मागून घेर सारखा करत म्हणाले, "बघा, सगळं झाकलं गेलं." खरंच अभिमानानं म्हणाले. तिनं दोन्ही मुठींत घेर धरून मागे ओढला. कंबर दिसली. आरशातूनच माझ्याकडे बघत ती म्हणाली, "हांव लिपपाक आयल्यां काय गो?" मी लपायला आलेय का?

मी वाद घातला. काळा तुम्हीच मागितलात, या वयाला हेच बरं दिसतं, असलं काहीबाही बोलले. 'या वयाला' हे शब्द माझेच होते. तिनं कपडे बदलले, अस्तरासकट पूर्ण पैसे मोजले आणि ड्रेस तिथंच ठेवून गेली.

१९२६ साली अमेरिकेच्या व्होग या फॅशनच्या मासिकात पॅरिसच्या ड्रेस डिझायनर शॅनेलचा साधा, लांब बाह्यांचा काळा ड्रेस छापून आला आणि शोकाचा मानलेला रंग बायकांना एरवीही घालायला मोकळा झाला, हे मी शिवणाच्या पोरींना दरवर्षी सांगायची. आणि समोरच्या बाईला मी पुन्हा दुखवटाच शिवून दिला.

त्या रात्री सगळं उसवलं. बाजू दोन-दोन इंच आत घेतल्या, गळा उघडला, लांबी गुडघ्यापर्यंत आणली. दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा तिनं उचलला तेव्हा लग्न होऊन गेलं होतं.

तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. म्हणते, बहुतेकींना झाकूनच हवं असतं, त्यांना काय उपदेश करायचा? पैसे त्यांचे, अंग त्यांचं. हे मला खोडता येत नाही. संक्रांतीला चंद्रकळा नेसताना कुणी आपलं अंग पेअरसारखं की सफरचंदासारखं असं विचारत नाही, हेही खरं. पण साडी अंगावर बसते तशी नेसता येते, ड्रेस आधी कापावा लागतो. कात्री चालवण्याआधी मला काहीतरी ठरवावंच लागतं.

म्हणून हल्ली विचारते, तुमचं तुम्हाला काय आवडतं? मान, दंड, पाय? बऱ्याच जणी गप्प होतात. मग मी खांद्यापासून मापं सुरू करते. ट्रायलला स्टुलावर बसायला लावते, कारण उभ्यानं छान दिसणारा रॅप बसल्यावर मांडीवर उघडतो.

परवा कॉलेजची एक मुलगी आली. हाडकुळीच म्हणावी अशी. टेप खांद्यावर ठेवली तोच तिनं विचारलं, "काळ्यात बारीक दिसेन ना?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो गं, दिसशील."