गच्चीवरचा पर्जन्यमापक: कोड ६ आणि अडकलेला ऑक्टोबर

मृग लागायच्या आत स्टेशन पुन्हा गच्चीवर चढवायचं ठरवलं होतं, ते चढलं. वर्तकनगरला आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीशेजारी, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून. भांडं गेल्या वर्षीचंच: आत दोन कप्प्यांची कलंडणारी वाटी, एका कलंडण्याला ०.२७९४ मिमी पाऊस, तिच्याजवळ रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा) आणि तिथून घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकापर्यंत वायर. पाय दर दहा मिनिटांनी कर्लकडून, म्हणजे कमांड देऊन वेबशी बोलायच्या प्रोग्रॅमकडून, दोन कामं करून घेतो. मोजलेला पाऊस एका सार्वजनिक सर्व्हरवर पाठवायचा आणि पुढच्या काही तासांचा अंदाज आणायचा. ऐरोलीच्या मित्राकडे असंच जुळं स्टेशन आहे. एकच सर खाडीच्या या काठाला किती आणि त्या काठाला किती पडते, ते आम्हाला बघायचंय.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस आटोपल्यावर सगळं उतरवून कपाटात ठेवलं होतं. शनिवारी सकाळी पाय बाहेर काढला, वायफाय जोडलं, आणि पहिलीच रिक्वेस्ट अडकली. कर्ल म्हणतो, होस्ट सापडत नाही. एको डॉलर प्रश्नचिन्ह करून, म्हणजे आधीची कमांड कशी संपली त्याचा आकडा विचारून, पाहिलं तर कोड ६.

हे आकडे पाठ असतील तर निम्मं काम तिथेच होतं. ६ म्हणजे नावाचा पत्ता मिळाला नाही. ७ म्हणजे पत्ता मिळाला पण दार उघडलं नाही. २८ म्हणजे वाट बघून वेळ संपली. ६० म्हणजे समोरच्याच्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवता येत नाही. रिक्वेस्ट नेमकी कुठल्या पायरीवर थांबली ते यावरून कळतं, आणि ती पायरी कळेपर्यंत मी कुठल्याही सेटिंगला हात लावत नाही.

८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर पिंग केलं, चाललं. म्हणजे नेट आहे. घरातल्या फोनवर तीच साइट उघडते, पण फोन राउटरचं डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) वापरतात. पायवर मी स्वतःचा अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर बसवलाय, तो थेट मूळ सर्व्हरपासून नाव शोधत येतो आणि वाटेतली प्रत्येक डीएनएससेक स्वाक्षरी (उत्तर खरं असल्याची खूण) तपासतो. डिग या डीएनएस तपासायच्या कमांडने विचारलं, उत्तर आलं सर्व्हफेल, म्हणजे सर्व्हरला जमलं नाही. मग तीच डिग प्लस सीडी लावून केली, म्हणजे स्वाक्षऱ्या तपासू नकोस, नुसतं उत्तर दे. पत्ता लगेच हजर! इथे माझे कान टवकारले. नाव सापडतंय, पण अनबाउंडला ते खोटं वाटतंय.

कारण कळायच्या आत पुढची पायरी तपासायची होती. लॅपटॉपवरून सर्व्हरचा आयपी काढला आणि कर्लला डॅश डॅश रिझॉल्व्ह लावून नाव, ४४३ पोर्ट आणि पत्ता हातात दिला. असं केलं की कर्ल डीएनएसकडे जातच नाही, पण सर्टिफिकेट मात्र नावाशीच पडताळतो. सोबत डॅश व्ही, म्हणजे प्रत्येक पायरी दाखव. जोडणी झाली, टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) हातमिळवणी सुरू झाली, आणि ओळ आली: सर्टिफिकेट इज नॉट येट व्हॅलिड. कोड ६०.

'नॉट येट' वाचलं आणि तिथेच थांबले. सर्टिफिकेटची मुदत संपलेली आपण नेहमी बघतो, पण ते 'अजून लागू झालेलं नाही' असं कधी होतं? डेट कमांड दिली. पायच्या मते आज १९ ऑक्टोबर होता.

माझ्या या जुन्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. बंद होताना तो वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि चालू झाला की तिथूनच पुढे मोजायला लागतो. खरी वेळ एनटीपीकडून, म्हणजे नेटवरच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडून, यायची. पण एनटीपीच्या सर्व्हरचं नाव शोधायला डीएनएस लागतं. डीएनएसमधल्या स्वाक्षऱ्यांना 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते, आणि ऑक्टोबरात बसलेल्या अनबाउंडला आजची प्रत्येक स्वाक्षरी भविष्यातली दिसते, म्हणून तो ती नाकारतो. नाव मिळत नाही म्हणून वेळ मिळत नाही, आणि वेळ मिळत नाही म्हणून नाव मिळत नाही. असाच चालू ठेवला असता तर पाय अख्खा पावसाळा ऑक्टोबरातच बसून राहिला असता. ६ आणि ६० हे दोन वेगळे बिघाड वाटत होते, पण मूळ एकच, घड्याळ.

मित्राला फोन केला तर तो म्हणाला, "अगं, डॅश के लाव आणि मोकळी हो. मी वर्षभर तसंच चालवतोय."

डॅश के म्हणजे कर्लला सांगणं, सर्टिफिकेट तपासू नकोस. मी म्हटलं, "पावसाच्या आकड्यांबरोबर तुझी की, म्हणजे सर्व्हरचा पासवर्डच, पण जाते ना रे त्या रिक्वेस्टमध्ये? समोर कोण आहे ते न बघता तू ती रोज १४४ वेळा कोणाच्याही हातात देतोयस."

तो जरा वेळ गप्प होता. संध्याकाळी त्याने की बदलली आणि डॅश के काढून टाकला. याबाबतीत माझं मत ठाम आहे. डॅश के हा दोन मिनिटं तपासण्यापुरता ठीक, पण ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनमध्ये त्याला जागा नाही.

तात्पुरता उपाय म्हणून हाताने तारीख बसवली. मिनिटभरात अनबाउंड शुद्धीवर आला, पाठोपाठ एनटीपीने सेकंद जुळवले. कायमच्या उपायासाठी रविवार सोडून सोमवारी हाफ डे टाकला, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं आणि लॅमिंग्टन रोडवरून डीएस३२३१ या बॅटरीवरच्या घड्याळाचं मॉड्यूल आणलं. त्याची अचूकता दशलक्षात २, म्हणजे वर्षाला साधारण मिनिटभराचा फरक. आपल्याला तेवढा चालतो. विकत घेणाऱ्यांनी एक बघा: या निळ्या मॉड्यूलवर बऱ्याचदा चार्जिंगचं सर्किट असतं, ते एलआयआर२०३२ या रिचार्जेबल सेलसाठी आहे. त्यात साधा सीआर२०३२ घालणार असाल तर आधी तो बारका डायोड काढा. मी काढला आणि मॉड्यूल ३.३ व्होल्टवर जोडलं. पायला नवं घड्याळ ओळखता यावं म्हणून कॉन्फिगमध्ये ओव्हरलेची एक ओळ वाढवली आणि फाइलमधल्या वेळेवरून खोटं घड्याळ चालवणारं पॅकेज उडवलं. एनटीपीचा एक सर्व्हर नावाऐवजी आकड्यांत लिहून ठेवला, म्हणजे सेल संपला तरी ते चक्र पुन्हा लागणार नाही. मग प्लग ओढला, वायफाय बंद ठेवून पाय चालू केला. तारीख बरोबर!

यानंतरचे दोन बिघाड लहान, पण दोन्हींनी बिनबोभाट काम बिघडवलं होतं.

अंदाज आणणारी रिक्वेस्ट हाताने चालवली तर सर्व्हर म्हणे रेखांश दिलेला नाही. मी तर १९.२ आणि ७२.९७ दोन्ही लिहिले होते. डॅश व्ही लावून बाहेर गेलेली गेटची ओळ पाहिली, ती अक्षांशावर संपत होती. यूआरएलला अवतरणचिन्हं घालायची राहिली होती, त्यामुळे शेलने (कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमने) अँपरसँड (&) दिसताच कर्लला पार्श्वभूमीत ढकललं आणि पुढचं 'लाँगिट्यूड बरोबर ७२.९७' हे स्वतःसाठीचं व्हेरिएबल समजून गिळलं. तक्रारीचा शब्द नाही. चौकटी कंसातला जॉब नंबर तेवढा चमकून गेला होता. दुसरी बाब जास्त महत्त्वाची: सर्व्हरने ४०० (रिक्वेस्ट चुकीची) दिला तरी कर्लचा कोड ० च येतो. त्याच्या दृष्टीने त्याने उत्तर आणून दिलं, काम झालं. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये आता डॅश डॅश फेल विथ बॉडी आहे. चूक असेल तर कोड २२ मिळतो आणि सर्व्हरने लिहिलेलं कारणही वाचता येतं.

दुसरा बिघाड क्रॉनचा. हाताने चालणारी ओळ क्रॉनमध्ये मुकी. त्या ओळीत डॅश डब्ल्यूने एचटीटीपी कोड आणि लागलेला वेळ छापायचा होता, आणि डॅश डब्ल्यूच्या खुणा टक्क्याने सुरू होतात. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या यादीत, टक्का म्हणजे नवी ओळ. पहिल्या टक्क्याशी कमांड तुटली, अवतरणचिन्ह उघडंच राहिलं, शेलने चूक सांगितली, आणि पायवर मेलची सोय नसल्याने क्रॉनने ती फेकून दिली. जर्नलमध्ये तशी ओळ सापडली: नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट. प्रत्येक टक्क्यामागे बॅकस्लॅश देता येतो, पण मी सगळं एका स्क्रिप्ट फाइलमध्ये हलवलं आणि क्रॉनमध्ये फक्त तिचा पूर्ण पाथ ठेवला.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कर्लची सुरुवातही अशाच घरगुती गरजेतून झाली. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांना चॅटवरच्या एका बॉटसाठी चलनांचे दर आणायचे होते. त्यासाठी घेतलेलं छोटंसं साधन वाढत गेलं आणि १९९८ च्या मार्चमध्ये त्याला कर्ल हे नाव मिळालं. डॅश व्हीच्या ओळी वाचताना मला ते नेहमी जाणवतं. आत काय चाललंय ते बघायची ज्याला स्वतःला गरज होती, त्यानेच लिहिलेल्या वाटतात त्या.

बुधवारी रात्री पहिली जोराची सर आली आणि लाइट गेली. वीस मिनिटांनी आली. सकाळी लॉग उघडला: पाय राउटरच्या आधी उठला, तारीख अचूक, पहिल्या रिक्वेस्टला कोड ६. या वेळी तो योग्य होता, राउटर अजून जागाच झाला नव्हता. दहा मिनिटांनी २०० (सगळं ठीक), नाव शोधायला १.३ सेकंद, कारण अनबाउंडची कॅश रिकामी. त्यानंतरच्या सगळ्या रिक्वेस्ट अर्ध्या सेकंदाच्या आत. न गेलेली नोंद फाइलमध्ये थांबते आणि पुढच्या फेरीला जाते, तीही पोचली.

माझ्याकडे ४३ कलंडण्या, म्हणजे १२ मिमी. ऐरोलीला ६१, म्हणजे १७ मिमी. पण माझी वीस मिनिटं मोजलीच गेली नाहीत, आणि सर नेमकी तेव्हाच जोरात होती, गच्चीच्या पत्र्यावरचा आवाज मी अंधारात ऐकत होते. त्यामुळे ही तुलना आम्ही वहीत धरलेली नाही. या रविवारी पायला बॅटरी बॅकअप लावतेय.